घड्याळ खोटे केव्हा बोलते?

दिवाळी जवळ आली की माझ्या घरी घड्याळे येऊ लागतात. घरोघरी माळ्यावरचे सामान खाली उतरते, जळमटे निघतात, आणि त्या सामानात कुठेतरी एक बंद पडलेले घड्याळ सापडते. ते टाकून द्यावे असे कोणालाच वाटत नाही, आणि ठेवावे कुठे हेही कळत नाही. मग कोणीतरी म्हणते, "गुरुजींकडे नेऊन बघा." माझा धंदा शिकवण्याचा आणि नाद लिहिण्याचा. पण धाराशिवला माझ्या मामांचे रेडिओ व घड्याळे दुरुस्त करण्याचे दुकान होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसत असे. मामा गेले, दुकान गेले, पण हाताला लागलेली सवय काही गेली नाही.

येणाऱ्या घड्याळांत निरनिराळ्या जाती असतात. किल्लीची असतात, लंबकाची असतात, आणि अलीकडे सेलवर चालणारी तर ढिगाने. पण मला सगळ्यांत जास्त ओढ आहे ती एका जवळजवळ नामशेष झालेल्या जातीची. ते म्हणजे जाहिरातीचे दिव्याचे घड्याळ. पत्र्याची पेटी, तिच्या तोंडावर दुधी काच किंवा प्लास्टिक, आत दोन दिवे, काचेवर एखाद्या मालाचे नाव ठळक रंगात, आणि मध्यभागी काटे. संध्याकाळी दुकानदार बटण दाबी आणि ती सगळी पेटी चंद्रासारखी उजळे. अमेरिकेत १९३० ते १९६० च्या दरम्यान अशा घड्याळांचा सुकाळ होता. सरबते, बॅटऱ्या, मोटारींची तेले, साऱ्यांची नावे त्यांवर झळकत. आपल्याकडे ती त्या मानाने थोडी आली आणि बहुतेक शहरांतच राहिली. तरी रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात, बी-बियाण्यांच्या एखाद्या दुकानात ती दिसत.

या घड्याळामागचा व्यवहार मला फार गमतीचा वाटतो. कंपनी दुकानदाराला घड्याळ फुकट देई. त्याच्या बदल्यात तिला भिंत मिळे. दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ फुकट देई. त्याच्या बदल्यात कंपनीला माणसाची नजर मिळे. आता जाहिरात थोडे फुगवून बोलते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. "सर्वांत उत्तम" हे शब्द वाचून कोणी कोर्टात जात नाही. पण त्याच काचेवरचे काटे जर दहा मिनिटे पुढे असतील तर? एस. टी. चुकलेला माणूस त्या दुकानदाराला शिव्या दिल्याशिवाय राहणार नाही. म्हणजे एकाच काचेवर एक गोष्ट अशी की जिच्याकडून आपण खरेपणाची अपेक्षाच करीत नाही, आणि दुसरी अशी की जिच्या खरेपणाबद्दल आपल्याला शंकाच येत नाही. काट्यांचा खरेपणा उसना घेऊन अक्षरे आपली पत वाढवीत असतात. म्हणूनच अशा घड्याळाने खोटे बोलावे हे अधिक वाईट.

पण घड्याळ खोटे बोलते म्हणजे काय करते? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत तो माझ्यापुढे अशा रूपाने आला की अजून माझी त्यातून पुरती सुटका झालेली नाही. मात्र ती हकीकत सांगण्याआधी या यंत्राचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे.

किल्लीच्या घड्याळाचे काळीज त्याच्या पोटात असते. विजेच्या या घड्याळाला स्वतःचे काळीजच नसते. त्याच्यात एक लहानशी मोटर असते. केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे घातलेली एक गुंडाळी, तिच्यामध्ये फिरणारे एक चक्र, आणि पुढे दातेरी चाकांची माळ. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. ही मोटर त्या हेलकाव्यांच्या पावलावर पाऊल टाकून फिरते. तिला दुसरा हिशेब येत नाही. वीज केंद्रातले प्रचंड यंत्र ज्या चालीने चालेल त्या चालीने हे घड्याळ चालणार. अमेरिकेतली मोटर साठ हेलकाव्यांसाठी बनवलेली असते. ती आपल्या विजेवर लावली तर घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडते. बिघाड कशातच नसतो. फक्त ते परक्या चालीला बांधलेले असते.

हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन माणसाने ही कल्पना व्यवहारात आणली. त्याची घड्याळे आधी चुकत, कारण वीज केंद्राची चालच एकसारखी नव्हती. म्हणून १९१६ साली त्याने बॉस्टनच्या वीज कंपनीच्या केंद्रात एक घड्याळ बसवले. त्यात एक काटा लंबकावर चाले आणि दुसरा केंद्राच्या विजेवर. यंत्रावरच्या माणसाने एवढेच करायचे की दोन्ही काटे एकमेकांवर राहतील असे पाहायचे. तिथे ते दोन काटे जुळले की सबंध शहरातली घड्याळे बरोबर!

आपल्याकडे हे काटे पुष्कळ वर्षे जुळत नव्हते. १९९० च्या सुमारास विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की पन्नासाचे एकोणपन्नास होत, कधी त्याहूनही कमी. एकोणपन्नास झाले म्हणजे हे घड्याळ तासाला बहात्तर सेकंद मागे पडले. मामा म्हणायचे, "सगळ्यांनी मिळून वाट्यापेक्षा जास्त ओढलं की सगळ्यांचीच वेळ मागे पडते." मी वर्गात पुष्कळ सुभाषिते शिकवली आहेत, याच्या तोडीचे फार थोडे असतील. आता ती स्थिती राहिलेली नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे विजेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडले गेले, आणि तेव्हापासून सगळा देश एका चालीने चालतो. ही चाल ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राहावी असा दंडक आहे. उमरग्याचे घड्याळ आणि गुवाहाटीचे घड्याळ आज खरोखरीच एका पावलाने चालतात.

पण वीजच गेली तर? आमच्या भागातल्या वाचकांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. २००५ च्या पुढची काही वर्षे दिवसातले कित्येक तास आम्ही विजेवाचून काढले आहेत. वीज गेली की घड्याळ थांबणार हे उघड आहे. खरा प्रश्न वीज परत आल्यावर उभा राहतो. येथे मोटरींच्या दोन जाती होतात. एक जात आपोआप चालू होते. दोन तास बंद असलेले घड्याळ जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते, आणि त्या क्षणापासून दोन तास चुकीची वेळ मोठ्या आत्मविश्वासाने दाखवीत राहते. दुसरी जात आपोआप चालू होत नाही. मागची कळ हाताने फिरवून तिला ढकलावे लागते. तोवर ती थांबूनच राहते.

बाजारात अर्थातच पहिल्या जातीला मागणी. स्टुलावर कोण चढणार? पण वॉरनला यातला धोका दिसला होता. त्याच्या कारखान्याच्या घड्याळांत पांढऱ्या तबकडीवर एक लहानसे छिद्र असे. वीज एकदा जाऊन आली की त्या छिद्रात लाल ठिपका दिसू लागे. घड्याळ चालूच असे, पण तो ठिपका सांगत राही की मध्यंतरी मी बंद पडलो होतो, माझ्यावर विसंबू नका. कोणीतरी येऊन वेळ नीट लावीपर्यंत तो ठिपका जात नसे. यंत्राकडून कबुलीजबाब घेण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. आपण माणसेही अधूनमधून बंद पडतो. कोणाशी वाईट वागतो, कोणाला दिलेला शब्द विसरतो, आणि वीज आली की पुन्हा चालू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे सुरळीत दिसते. ठिपका मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या तबकडीवर असतो.

माझ्या तबकडीवर तो नव्हता, हे मी येथेच सांगून टाकतो. मी विशीत असताना मामा आजारी पडले आणि दुकान दोन महिने माझ्या हाती आले. एका दुकानदाराचे असलेच दिव्याचे घड्याळ आले. गुंडाळी जळाली होती. ती पुन्हा भरून आणणे म्हणजे सोलापूरची खेप आणि आठ दिवसांचा खोळंबा. मी काय केले, तर सेलवर चालणाऱ्या स्वस्त घड्याळाचे यंत्र काढून त्यात बसवले, काटे जोडले, आणि पैसे मात्र गुंडाळी भरण्याचे घेतले. घड्याळ उत्तम चालले. गिऱ्हाईक खूश झाले. मामांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चाललं ते खरं; पण तू काय केलंस ते आत लिहून ठेवलंस का?"

मामांची ही रीत होती. जुने सगळेच घड्याळजी ती पाळत. घड्याळ उघडले की झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत तारीख आणि केलेले काम लिहायचे, शेजारी आपली खूण करायची. गिऱ्हाईक ते कधी पाहत नाही. ते असते पुढच्या कारागिरासाठी. आपल्या माघारी जो कोणी हे झाकण उघडील त्याच्यासाठी. मी ते लिहिले नव्हते. लिहिण्यासारखे मी काही केलेच नव्हते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

उमरगा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. तिथल्या एका जुन्या हॉटेलाचे मालक, वयाने माझ्याच बरोबरीचे गृहस्थ, दसऱ्यानंतर एका रविवारी माझ्याकडे आले. बरोबर त्यांची म्हातारी आई होती, आणि गाडीच्या मागच्या बैठकीवर रजईत गुंडाळलेले एक दिव्याचे घड्याळ. काचेवरच्या चहाच्या जाहिरातीचा रंग उडाला होता, पत्र्याला गंज होता, पण काच शाबूत होती. काटे तीन वाजून छप्पन मिनिटांवर उभे होते.

आमच्या भागातल्या माणसाला ही वेळ समजावून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती, आणि पहाटे तीन छप्पनला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदांची. ऊन्ह-थंडीपासून राखणारी तीच माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवशी गावातली मोठी माणसे कुठे गेली होती आणि संध्याकाळी परत आल्यावर कोणीच काही का बोलत नव्हते, ते पुढे मोठेपणी कळले.

त्या मावशींचे माहेर सास्तूरजवळच्या एका खेड्यातले. आई, दोन भाऊ आणि एक भावजय त्या पहाटे गेली. घड्याळ उमरग्याच्या हॉटेलात, त्यांच्या यजमानांच्या गल्ल्यामागे होते. यजमानांना जाऊनही आता दहा-बारा वर्षे झाली होती.

मुलाचे म्हणणे सरळ होते. "गुरुजी, हॉटेल नवीन करायलोय. लोकांना जुन्या वस्तू आवडतात. दिवे लावून द्या आणि घड्याळ चालू करून द्या."

मावशी म्हणाल्या, "दिवे लावा. काट्याला हात लावू नका. त्या दिवशी थांबलंय ते."

"आई, गिऱ्हाईक वर बघून वेळ विचारतंय. चुकीचं घड्याळ कसं लावावं?"

"चुकीचं नाही ते," मावशी म्हणाल्या.

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, आधी उघडून तरी पाहू. तुम्ही आठ दिवसांनी या.

असल्या घड्याळात दिवे आणि मोटर या दोन वेगळ्या वाटा असतात. मोटरीला धक्का न लावता दिवे लावता येतात, त्यामुळे मावशींचे म्हणणे अशक्य नव्हते. मी कामाला लागलो. दिव्यांच्या उष्णतेने आतल्या तारांवरचे रबर बिस्किटासारखे तडकले होते. त्या सगळ्या बदलल्या. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग नव्हतेच, ते जोडले. जुन्या बल्बांऐवजी थंड राहणारे एलईडी घेतले, म्हणजे काचेवरचा उरलेला रंग आणखी भाजणार नाही. रंगाला पाणी किंवा थिनर लावला नाही. तो काचेच्या आतल्या बाजूने दिलेला असतो आणि एका पुसण्यात सगळी अक्षरे फडक्यावर येतात. कोरड्या कुंचल्याने धूळ काढली. मग मोटर पाहावी म्हणून मागचे झाकण बत्तीसमोर धरले.

झाकणाच्या आत शिसपेन्सिलीने लिहिले होते: "मो. बदलली. हाताने चालू करणे. १४-७-९५." शेजारी एक वर्तुळ आणि मध्ये टिंब. मामांची खूण.

मी बराच वेळ ते झाकण हातात धरून बसलो. जुलै १९९५. भूकंपानंतर पावणेदोन वर्षांनी मामांनी या घड्याळाला नवी मोटर बसवली होती. म्हणजे ते त्या पहाटे थांबले असले तरी थांबून राहिले नव्हते. ते पुढे चालले होते. किती महिने, किती वर्षे, ते कळायला मार्ग नव्हता. नंतर केव्हातरी गुंडाळी जळाली. बरे, ती जळली ती नेमकी तीन छप्पनला, असे म्हणावे तर इतका योगायोग कोण मानील? काटे कोणीतरी हाताने त्या जागी नेऊन ठेवले होते.

मग मला इटलीतल्या बोलोन्या शहराची वाचलेली हकीकत आठवली. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी दहा पंचविसाला तिथल्या रेल्वे स्टेशनात बॉम्बस्फोट झाला आणि ८५ माणसे मेली. स्टेशनाचे घड्याळ थांबले. ते लवकरच दुरुस्त झाले आणि सोळा वर्षे चालले. १९९६ मध्ये ते बंद पडले, तेव्हा ते मृतांची आठवण म्हणून कायमचे दहा पंचविसावर ठेवण्यात आले. पुढे संशोधकांनी लोकांना विचारले, तर बहुतेकांनी खात्रीने सांगितले की ते घड्याळ स्फोटापासून कधी चाललेच नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांसमोर ते वर्षानुवर्षे चालत होते! यांपैकी कोणी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते. थांबलेल्या काट्यांनीच त्यांच्या मनातली ती सोळा वर्षे पुसून टाकली होती.

तोवर मी असे समजत होतो की आपोआप चालू होणारे घड्याळ खोटे आणि थांबून राहणारे खरे. आता थांबलेले घड्याळही खोटे बोलू शकते हे माझ्यापुढे उघडे पडले होते. पण या ज्ञानाचे मी करायचे काय?

गप्प बसणे सर्वांत सोपे होते. दिवे लावून द्यावेत, काटे आहेत तिथे राहू द्यावेत. कोणाचे काय बिघडणार होते? एका म्हातारीने तीस वर्षांचे दुःख एका घड्याळाच्या आधाराने उभे केले आहे. त्यातला खिळा उपटणारा मी कोण? दुरुस्ती करणाऱ्याला दुसऱ्याच्या वस्तूचे पोट दिसते. वैद्याला जसे शरीराचे गुपित कळते तसे त्याला घराचे कळते, आणि कळले ते बोलू नये हाही एक धर्मच आहे. शिवाय ते गुपित माझे नव्हते. ज्याने काटे फिरवले त्याचे होते, आणि तो माणूस आता नव्हता. त्याला ते सांगायचे असते तर त्याने सांगितले नसते का?

दुसरीकडे मन म्हणत होते, मावशींना खरे सोसणार नाही हे तू परस्पर ठरवलेस कसे? ज्या बाईने एका पहाटेत सारे माहेर गमावले आणि नंतर हॉटेलाच्या चुलीपुढे तीस वर्षे काढली, तिला पेन्सिलीच्या एका ओळीचे भय वाटेल असे समजणे ही दया नव्हे. तो तिचा अपमान आहे. आम्हा शिक्षकांना ही खोड असते. मुलाला काय झेपेल ते आम्ही ठरवतो, आणि पुष्कळदा त्यात मुलाच्या काळजीपेक्षा आमची सोय अधिक असते. मला ते सेलचे यंत्र आठवले. तिथेही गिऱ्हाईक खूशच होते.

शेवटी मी एका गोष्टीवर आलो. घड्याळ माझ्याकडे आले होते ते एक प्रश्न घेऊन: काटे चालवावेत की नाहीत? आई आणि मुलगा यांत न्याय करायला त्यांनी मला बसवले होते. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या माहितीवर अवलंबून होते ती माझ्याजवळ असताना मी ती दडवली, तर दोघांचाही निर्णय मीच त्यांच्या नकळत घेतल्यासारखे होणार होते. खरे सांगण्याचा मला हक्क होता की नाही हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पण त्यांच्या वतीने ठरवण्याचा हक्क मला नव्हता, एवढे नक्की.

आठ दिवसांनी दोघे आले. मी मुलाला आधी बाजूला घेऊन सांगावे असे योजले होते. पण मावशी सरळ घड्याळाजवळ जाऊन बसल्या, आणि मला आडून बोलणे जमेना. मी झाकण त्यांच्यापुढे धरले. अक्षर माझ्या मामांचे आहे आणि तारीख अशी आहे, एवढेच सांगितले. निष्कर्ष मी काढला नाही.

त्या पुष्कळ वेळ गप्प होत्या. मुलगा अस्वस्थ होऊन काही बोलू पाहत होता. त्यांनी हाताने त्याला थांबवले. मग म्हणाल्या, "चालत होतं म्हणता?"

"चालत असलं पाहिजे, मावशी."

"मग मीच वर बघितलं नसंल."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हाताने चालू करणे म्हणजे काय?" मी सांगितले. लाइट गेली की हे थांबते, आणि कोणीतरी वर चढून, वेळ लावून, कळ फिरवावी लागते. नाहीतर ते थांबूनच राहते. मामा मुद्दाम अशीच मोटर बसवीत.

"म्हणजे लाइट आली की हे दर बारीला वर चढत असतील," मावशी म्हणाल्या. 'हे' म्हणजे त्यांचे यजमान. "आणि बंद पडल्यावर काटे पण ह्यांनीच लावले असतील. बोलायचं काम ह्यांना कधी जमलंच नाही."

एवढे बोलून त्यांनी पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.

मी काही सुचवले नाही. मुलानेही काही म्हटले नाही. निघताना त्याच म्हणाल्या, "चालू करा, गुरुजी. पण त्यांनी केलं होतं तसंच करा. आपसूक चालू होणारं नको."

सोलापूरहून गुंडाळी भरून आणायला खेप झाली आणि आठ दिवस मोडले. पंचवीस वर्षांपूर्वी मी जे टाळले होते ते या वेळी केले. मोटर तीच ठेवली, मामांनी बसवलेली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी घड्याळ उमरग्याच्या हॉटेलात गल्ल्यामागे लागले आणि मुलाने बटण दाबले. चहाची ती विटलेली जाहिरात उजळली, आणि काटे चालू लागले.

यातून मी काय शिकलो ते नेमके सांगणे कठीण आहे. पूर्वी मला वाटे, दुरुस्ती म्हणजे वस्तू पूर्ववत करणे. आता तसे वाटत नाही. पूर्ववत काहीच होत नाही. गंजलेला पत्रा, बदललेली तार, भरलेली गुंडाळी हे सगळे घडून गेलेले असते. ते घडलेच नाही असे भासवणारी दुरुस्ती ही आपोआप चालू होणाऱ्या मोटरीसारखी; चालते, पण खोटे सांगते. आणि घडले तेवढेच धरून बसून त्यापुढचे सगळे पुसून टाकणे हाही दुसऱ्या बाजूचा खोटेपणा, मग तो कितीही मायेने केलेला असो. मावशींच्या यजमानांनी काटे फिरवले याला मी खोटेपणा म्हणू शकत नाही. ज्या माणसाला शब्द सापडत नव्हते त्याने काट्यांनी केलेले ते बोलणे होते. खोटे शिरले ते पुढे, जेव्हा ते काटे कोणीतरी लावलेले आहेत हेच घर विसरले तेव्हा.

मध्यंतरी उन्हाळ्यात मी उमरग्याला गेलो होतो. वावटळ येऊन वीज गेली आणि तासाभराने आली. पंखे फिरू लागले, मोबाइल चार्जिंगला लागले, घड्याळाचे दिवे उजळले. काटे मात्र जागच्या जागी होते. मावशींनी नातवाला हाक मारली. पोरगा सरावाने स्टुलावर चढला, मागे हात घातला, आणि म्हणाला, "आज्जी, किती?" मावशी कोणाच्या तरी मोबाइलकडे पाहून वेळ सांगत होत्या, आणि काटा बरोबर जागी येईपर्यंत मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या.

झाकणाच्या आत, मामांच्या ओळीखाली, मी माझी ओळ लिहून ठेवली आहे. तारीख लिहिली, गुंडाळी भरली असे लिहिले, तारा आणि दिवे बदलले असे लिहिले. शेवटी आणखी चार शब्द लिहिले: "काटे ३.५६ वर होते." पुढे कधीतरी जो कोणी हे झाकण उघडील, त्याला ते ठाऊक असावे.